मोंघीबेनचा शिक्का

नाव गणू. तोंडाने मी ते घेत नाही. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, तेवढंच. त्यांची पाळी आली तेव्हा हे खाली मान घालून नुसते हसत राहिले आणि नणंदेने ‘लाजतोय तो, जाऊ द्या’ म्हणून वेळ मारून नेली. माझं नाव घ्यायचं तेव्हा राहिलं ते राहिलंच. कागदावर मात्र मला कुणाची बंदी नाही, म्हणून इथे गणू असंच लिहिते.

नरपडच्या वाचनालयाची यंदा स्मरणिका निघायची आहे. गावातल्या माणसांवर लेख हवेत म्हणून शाळेतले एक मास्तर गणूची माहिती विचारायला घरी आले होते. मी त्यांना चहा पाजला आणि म्हटलं, तुम्ही नका त्रास घेऊ, मी लिहिते, दहावी मीसुद्धा झालेली आहे. मास्तरांनी लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, आणि ह्या माणसाचं कौतुक ऐकून माझे कान किटले आहेत.

गावाला माहीत आहे ते असं. गणूला जुन्या चांदीच्या चमच्यांवरचे शिक्के ओळखता येतात. डहाणूत, घोलवडला, बोर्डीला एखाद्या बंगल्यातली जुनी पेटी उघडली आणि तिच्यात चमचे निघाले, की डहाणूचे सराफ भाविकभाई गणूला फोन लावतात. हे सायकलवर टांग मारून जातात, खिशातून भिंग काढतात, चमचा पालथा करून दांडीच्या मागची बारीक खूण बघतात आणि सांगतात: हा विलायतेत घडवलेला, हा इकडचाच, ह्यात चांदीच नाही, वरून नुसता मुलामा आहे. भाविकभाई मान डोलावतात. गावातली पोरं ‘चमचेवाले काका’ म्हणून हसतात, आणि हे त्यांच्याबरोबर हसतात. राग म्हणून ह्यांना येत नाही. घरातला सगळा राग माझ्याच वाट्याला आलेला आहे.

आता मला माहीत आहे ते सांगते.

गणू आधी बोटीवर होते. इंजिन सांभाळायचे. एकदा जाळं ओढताना दोर तुटला, त्याच्या फटक्याने उजवा खांदा निखळला, तो पुन्हा नीट बसला नाही. हात खांद्याच्या वर जाईना. समुद्र सुटला. समुद्रावर जाणारा माणूस घरी बसला की काय होतं ते आमच्या आळीतल्या कुठल्याही बाईला विचारा. सकाळी उठायचं, किनाऱ्यावर जाऊन दुसऱ्यांच्या बोटी बघायच्या, दुपारी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचं. मी बोंबील वाळवून कासा गावच्या बाजारात नेत होते, त्यावर घर चालत होतं. मग कुणीतरी सांगितलं की पेरीनबाईंच्या वाडीत पंप बघायला माणूस हवाय, आणि हे तिकडे लागले.

पेरीनबाई म्हणजे चिकूच्या त्या मोठ्या वाडीच्या मालकीण. जुन्या पारशी घराण्यातल्या, एकट्या, तोंडाच्या फटकळ. वयाने आमच्या आईसारख्या, म्हणून त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही आलं नाही, हे आधीच लिहून ठेवते. त्यांच्या मेजाच्या खणात चमच्यांचा ढीग होता, आजीचे, पणजीचे, मावश्यांचे. ते नातेवाइकांत वाटायचे म्हणून त्यांना निवडायचे होते, पण नजर गेलेली. एका दुपारी पंप बंद करून हे पाणी प्यायला व्हरांड्यात आले, तर बाईंनी ह्यांच्या हातात भिंग दिलं.

“गनू, बोल नी, काय दिसते?”

हे म्हणाले, सिंह दिसतोय. चालतोय, पुढचा एक पाय उचललाय. बाई म्हणाल्या, बरोबर, सिंह म्हणजे चांदी खरी. पुढे? पुढे एक मुंडकं. ते राणीचं, म्हणजे सरकारचा कर भरलेला. पुढे एक अक्षर, ते सालाचं. आणि शेवटी दोन अक्षरं चौकटीत, ती घडवणाऱ्याची. ह्यांना इंग्रजी अक्षरं धड येत नव्हती. हे आकार सांगायचे, बाई त्यावरून ओळखायच्या. असं करता करता हे शिकले. इंजिनाचा आवाज ऐकून कुठला भाग बिघडलाय ते ओळखणारा माणूस, त्याला हे कठीण गेलं नाही. जेवताना मला सिंह आणि मुंडकी ऐकावी लागायची, पण मी कुरकुर केली नाही. भिंतीकडे तोंड करून पडण्यापेक्षा ते बरं होतं. माणूस पुन्हा बोलायला लागला होता.

आणि मग त्या खणातून मोंघी निघाली.

ती आली त्या दिवशी हे घरी येऊन हातपाय न धुताच बोलायला लागले. एक चमचा असा, की त्यावर सिंह नाही, राणी नाही, काही नाही. बोटाच्या नखाएवढीसुद्धा नाही अशी चौकट, तिच्यात गुजराती ‘मों’ आणि त्याच्या खाली चंद्रकोर. पेरीनबाईंना तो हाताला लागताच कळला. त्यांच्या आजीने करवून घेतलेला. गुजरातेतल्या कुठल्याशा गावात एक सोनार होता, तो तरुणपणीच वारला. त्याच्या बायकोने, मोंघीबेनने, भट्टी विझू दिली नाही. नवऱ्याचा ठसा तिने बाजूला ठेवला आणि स्वतःच्या नावाचा ठसा स्वतः कोरला. लोक म्हणायचे विधवेच्या हातचा चमचा बाळाच्या तोंडाला लावू नये, म्हणून तिच्याकडे मोजकीच घरं यायची. त्यातलं एक पेरीनबाईंच्या आजीचं.

मला ती गोष्ट तेव्हा आवडली होती. खोटं कशाला बोलू. मी भाकरी थापता थापता ऐकत होते आणि म्हटलंसुद्धा, धीराची होती हो बाई.

पण ती गोष्ट तिथे संपली नाही. दुसऱ्या दिवशी मोंघीबेन, तिसऱ्या दिवशी मोंघीबेन. मोंघीबेनचा हात किती हलका. मोंघीबेनने चमच्याची कड अशी वळवलीय की ओठाला टोचत नाही. दुसरे कारागीर दांडीला नक्षी करतात, मोंघीबेनला नक्षीची गरजच पडली नाही. गुजरातीत मोंघी म्हणजे महाग, आणि मला ती चांगलीच महागात पडायला लागली. हे भाविकभाईंना सांगून बसले होते की असा शिक्का कुठे आला तर मला कळवा. बोर्डीला एका घरात तिचा एक चमचा निघाला तर हे भर उन्हात सायकल हाणत गेले. मी ताप आला म्हणून पडले होते तेव्हा डॉक्टरकडे रिक्षा करून जा म्हणाले होते, ते मला आठवलं.

कुणाला वाटेल, मेलेल्या बाईचा कसला एवढा मत्सर. मी म्हणते, जिवंत असती तर बरं झालं असतं. समोर जाऊन दोन शब्द सुनावले असते, तिचे केस पिकलेले बघितले असते, तिलाही गुडघेदुखी आहे हे कळलं असतं. मेलेल्या बाईचं काही म्हातारं होत नाही. तिचा हात हलका तो हलकाच राहतो. माझे हात बघा. मिठाने चिरलेले, नखांत खवले. ह्या हातांनी वाळवलेल्या बोंबलाला कासाच्या बाजारात गिऱ्हाईक नावाजतं, सायवनच्या पलीकडून येणाऱ्या बायका माझ्याच टोपलीपाशी थांबतात. गणूंनी ते बोंबील इतकी वर्षं खाल्ले, आणि एकदाही म्हणाले नाहीत की कोणाच्या हातचे आहेत.

शिक्का कसा वाचतात ते मी घरीच बघितलं. पेरीनबाईंनी तो चमचा ह्यांना एकदा घरी न्यायला दिला होता, भाविकभाईंना दाखवायला. झिजलेली खूण नुसत्या भिंगाने दिसत नाही. चमचा अगदी तोंडाजवळ न्यायचा, ‘हा’ करून हळूच वाफ सोडायची, चांदीवर धुकं धरतं, आणि ते विरता विरता अक्षर वर येतं. हे ओसरीवर बसून त्या बाईच्या नावावर वाफ सोडत होते, डोळे बारीक करून, श्वास धरून. मी दारात उभी होते. माझ्या कपाळावरचा घामसुद्धा ह्या माणसाने कधी असा फुंकरीने पुसला नाही.

“इथे बघ,” मला म्हणाले, “चौकटीचा हा कोपरा तुटका आहे. ठसा कोरताना तिचा हात घसरला असणार. कुणी नकली केला तर अक्षर उतरवेल, चंद्र उतरवेल, पण हा तुटका कोपरा करायचं त्याच्या ध्यानात येणार नाही. माणूस ओळखायचा तो त्याच्या खोटीवरून.”

मी म्हटलं, “माझ्यात तर खोटीच खोटी आहेत. मला का नाही ओळखत?” हे हसले. ह्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

दुसऱ्या दिवशी हे आंघोळीला गेले असताना मी तो चमचा चुलीतल्या राखेने घासला. त्यात काही कपट नव्हतं, आमच्याकडे काळवंडलेलं भांडं दिसलं की हात राखेकडे जातो. निदान मी तरी तसंच म्हणते. हे ओल्या अंगाने धावत आले आणि चमचा माझ्या हातातून हिसकावून घेतला. राखेने शिक्का झिजतो, म्हणाले, एवढी वर्षं टिकलेली बाई तू एका घासणीत पुसून टाकशील. आवाज चढवला नाही, पण दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. मीही बोलले नाही, पण माझं न बोलणं त्यांच्या लक्षात यायला हवं होतं ना.

आता भांड्यांचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते. आमच्याकडे लग्नात जे भांडं येतं त्यावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. माझ्या घरात हंड्यावर माझ्या काकाचं नाव आहे. परातीवर मोठ्या भावाचं. तांब्यावर मामाचं. पुढे आम्ही स्वतः घेतलेल्या टोपांवर आणि डब्यांवर दुकानदाराने विचारलं, काय नाव घालू, तेव्हा मी गणूचं नाव सांगितलं, कारण सगळ्याजणी नवऱ्याचंच सांगतात. एकदा रिकाम्या दुपारी मी सगळी भांडी पालथी घालून बघितली. अख्ख्या स्वयंपाकघरात जमुना कुठेच नव्हती. हाक मारतानाही हे मला ‘अगं’ म्हणतात, आणि मुलगी झाल्यापासून ‘वर्षाची आई’. आणि ती बाई, जिला ह्यांनी डोळ्यांनी बघितलं नाही, तिचं नाव मात्र दिवसातून दहादा, ‘बेन’ लावून, मानाने.

पेरीनबाई गेल्या पावसाळ्यानंतर वारल्या. पुण्याहून त्यांची भाची आली, बंगला बंद करायला. चांगली मुलगी. चमचे ह्यांनी निवडून, कागदात गुंडाळून, ज्याचे त्याला द्यायचे तसे लावून ठेवले होते. तिने खण ह्यांच्यापुढे सरकवला आणि म्हणाली, गणूकाका, मावशीने सांगून ठेवलंय, तुम्हाला हवा तो एक घ्या.

नेमकं त्याच सुमारास आमच्या वर्षाच्या मुलीचं उष्टावण ठरत होतं. वर्षा झाईला दिलेली, तलासरी तालुक्यातलं ते अगदी टोकाचं गाव, त्याच्यापुढे गुजरात. बाळाचा पहिला घास चांदीच्या चमच्याने भरवायचा आणि तो चमचा आजोळाहून जायचा, ही आमची रीत. घास मामाने भरवायचा, पण वर्षाला भाऊ नाही, म्हणून मामाच्या जागी गणूच बसणार होते. तेव्हा खणातला एक चमचा मिळतोय म्हटल्यावर मला बरंच वाटलं. मी ह्यांना बजावून पाठवलं, तो सिंहाचा आणा. जड आहे, ठसठशीत आहे, चार माणसांत दिसेल. विहीणबाई सोनीबाई काही वाईट नाहीत, पण त्यांची नजर आधी आहेराच्या वजनावर जाते.

गणू संध्याकाळी आले आणि रुमाल उघडला. आत तीच.

खण भरून चमचे होते. सिंह होते, राणी होत्या, वेलबुट्टीचे होते. त्या सगळ्यांतून हे तिलाच घेऊन माझ्या उंबऱ्याच्या आत आले, आणि तिला माझ्या नातीच्या तोंडात घालणार होते. पहिला घास. तो मान बाळ जन्माला येण्याआधीपासून आजोळचा असतो, म्हणजे माझा असतो. आणि जन्मभर सगळे सांगणार, हिने पहिला घास मोंघीबेनच्या चमच्याने खाल्ला. मी कुठे?

मग मी तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, असल्या चमच्याने उष्टावण करतात का? लोक तेव्हाही म्हणायचे ना, विधवेच्या हातचा बाळाला लावू नये म्हणून? माझी नात काही रस्त्यावर पडलेली नाही.

गणू चमचा रुमालात गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, “तुझ्या आईने तुला कोणत्या हाताने भरवलं?”

माझा बाप मी पोटात असताना समुद्रात बुडाला होता. माझं तोंडच बंद झालं. पण ज्याचं तोंड बंद होतं त्याचा राग काही बंद होत नाही, उलट आत जाऊन बसतो. मला त्या वेळी गणूंचा राग आलाच, पण खरा राग आला तो तिचा. ती विधवा होती म्हणून नव्हे. ती विधवा होती, एकटी होती, आणि तरी तिने आपलं नाव कोरून ठेवलं होतं, आणि मी नवरा असताना, मुलगी असताना, घर असताना कुठे कोरलेली नव्हते.

दोन दिवसांनी हे सायकल घेऊन बाहेर पडलेले बघून मी रुमाल कनवटीला लावला आणि डहाणूला गेले. मनात होतं की सराफाकडे देऊन बदली नवा घ्यावा. पण सराफ म्हणजे भाविकभाईच, आणि तिथे हेच बसलेले. मग स्टेशनजवळच्या भांड्यांच्या दुकानासमोर माझे पाय थांबले. तिथे दारातच विपुल बसतो, भांड्यांवर नावं घालायचं मशीन घेऊन. आमचे डबे त्याच्याच बापाने कोरलेले. करकर करकर मशीन चालू होतं. एका कळशीवर कुणाच्यातरी जावयाचं नाव पडत होतं. मी उभी राहून बघितलं, आणि कळशी झाल्यावर रुमाल उघडून चमचा त्याच्यापुढे धरला.

त्याने उलटसुलट करून बघितला. “काकी, हा जुना पीस आहे ने. ह्यावर नाव घातलं की त्याचं जुनंपण जाणार. काकांना विचारलं का?”

विचारायची गरज नव्हती, कारण काकांचं मत मला पाठ होतं. जुन्या चमच्यांवर मागाहून कुणी मालकाने नाव कोरून घेतलेलं दिसलं की हे तोंड वाकडं करायचे. नायटा, म्हणायचे. चांगल्या कातडीला नायटा झाल्यासारखं. ती मागाहूनची नावं हे वाचतसुद्धा नसत, त्यावरून बोट फिरवून पुढे जात.

मी विपुलला म्हटलं, “काका कोण? आजोळचा चमचा आहे, आजोळचं नाव घाल.”

“कुठलं नाव?”

“जमुना.”

त्याने माझ्याकडे बघितलं. इतक्या बायका त्याच्याकडे येतात, पण स्वतःचं नाव सांगणारी त्याला क्वचितच भेटत असेल. मग विचारलं, खाली घालू का शिक्क्याच्या? मी म्हटलं, वर. तिच्या डोक्यावर घाल. मशीन लागलं. चांदी मऊ, स्टीलची सवय झालेला हात, आणि दांडी अरुंद. शेवटच्या अक्षराला टोक सटकलं आणि एक बारीक ओरखडा खाली गेला तो थेट तिच्या चौकटीला जाऊन टेकला. विपुलचा चेहरा पडला. घासून घालवतो म्हणाला. घासलं तर शिक्काही जाईल, हे मला गणूंच्या कृपेने माहीत होतं. तो क्षण माझ्या हातात होता. हो म्हटलं असतं तर मोंघी कायमची गेली असती, आणि दोष मशीनचा.

मी म्हटलं, राहू दे. मला तिच्याशेजारी बसायचं होतं. ती गेली असती तर मी कोणाशेजारी बसले असते?

घरी येऊन रुमाल होता तिथे ठेवला. गणूंनी तो उघडून बघितला नाही. ते काम झाईला जाऊनच करायचं असं त्यांच्या मनात असावं, किंवा माझ्यासमोर तो चमचा काढायला नको वाटत असेल. मी मात्र धास्तावलेली होते. राखेच्या वेळी दोन दिवस अबोला. आता ह्याला किती? आणि तो अबोला चारचौघांत, व्याह्यांच्या अंगणात सुरू झाला तर? पण उलट फिरून ‘चुकले’ म्हणायची माझी तयारी नव्हती. आजही नाही.

रविवारी आम्ही रिक्षाने बोर्डीवरून झाईला गेलो. अंगणात मांडव घातलेला, बायका जमलेल्या, खिरीचा वास. नात झबलं घालून, काजळाची तीट लावून तयार होती. गणू पाटावर बसले, वर्षाने तिला त्यांच्या मांडीवर दिलं. सोनीबाईंनी खिरीची वाटी पुढे ठेवली आणि म्हणाल्या, काढा बघू आजोळचा चमचा. गणूंनी रुमाल सोडला.

सवयीने त्यांनी चमचा आधी पालथाच केला. अंगठा दांडीवरून फिरला आणि थांबला. मी खांबाला धरून उभी होते. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. नात मांडीवर तशीच ठेवून, दुखऱ्या हाताने खिसा चाचपून त्यांनी भिंग काढलं. बायका हसायला लागल्या, बाळाला भरवायचं सोडून हे काय. सोनीबाईंनी विचारलं, खोटी आहे की काय चांदी?

“चांदी खरी आहे,” गणू म्हणाले. “नावं बघतोय. एक मोंघी. घडवणारी.”

पहिलं नाव त्यांनी तिचंच घेतलं. हे मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

मग त्यांचं भिंग वर सरकलं. आता नायटा म्हणणार, सगळ्यांसमोर म्हणणार. त्यांनी चमचा तोंडाजवळ नेला. ताजं कोरलेलं, उन्हात चकचकणारं नाव, ते वाचायला वाफेची काहीएक गरज नव्हती, आंधळ्याच्याही बोटाला लागलं असतं. तरी त्यांनी ‘हा’ करून, हळूच, त्यावर वाफ सोडली. डोळे बारीक केले. धुकं विरेपर्यंत थांबले.

“शेवटच्या अक्षराला हात घसरलाय,” ते म्हणाले. “बरं झालं. आता हिची नक्कल कुणाला करता येणार नाही.”

सोनीबाई म्हणाल्या, अहो पण नाव काय आहे ते तरी सांगा.

“जमुना.”

अंगणात एकच हशा पिकला. व्याह्यांनी नाव घेतलं, व्याह्यांनी नाव घेतलं, म्हणून झाईच्या बायकांनी टाळ्या पिटल्या. वर्षा तोंडावर पदर धरून हसत होती. गणूंचे कान लाल झाले. लग्नात बसले होते तसेच खाली मान घालून बसले, पण ह्या वेळी वेळ मारून न्यायला त्यांची बहीण तिथे नव्हती.

नात चमच्याकडे हात करत होती. खीर गार होत चालली होती. मी खांब सोडून पुढे गेले, पाटाजवळ बसले आणि फक्त त्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “डोळे अधू झालेत तुमचे. नीट बघून पुन्हा वाचा.”

त्यांनी पुन्हा वाचलं.